आडवी लावलेली गाडी

वास

शटर वर गेलं आणि वास बाहेर आला. इतकी वर्षं आत ताटकळत उभा असल्यासारखा आला. उंदरांचं मूत, कुजलेला फोम, आटलेल्या पेट्रोलचा तेलकट आंबूसपणा, आणि या सगळ्याच्या तळाशी काहीतरी गोडसर. ते गोडसर सगळ्यात वाईट.

मिस्त्रींनी नाकाला रुमाल लावला. काकांनी तोंड फिरवलं. बाबांनी छाती भरून श्वास घेतला.

"अजून लेदरचा वास येतोय बघ."

"आत उंदीर मेलाय, बाबा."

"मेला असेल. लेदर ते लेदर."

का उघडलं

आई आज संध्याकाळी घरी येणार आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी मला आणि भावाला समोर बसवून सांगितलं की जिना विसरा. आम्ही राहतो वर. वर जायला एकच जिना, अरुंद आणि इतका उभा की त्यापेक्षा शिडी बरी. धुण्याची जागा खाली, वाळत घालायची जागा वर. आई ओल्या कपड्यांची बादली घेऊन चढत होती. पाय सुटला. बादली आधी खाली पोचली, आई मागून.

खाली राहण्यासारखी एकच खोली आहे, गॅरेजच्या मागची. ती काकांची. वाटणीत गॅरेज बाबांना आलं, मागची खोली त्यांच्या धाकट्या भावाला, आणि खोलीचं दार उघडतं गॅरेजमध्ये. ही वाटणी आजोबांनी केली. आजोबा हिशेबाला फार पक्के होते म्हणतात.

मग दोघांचं भांडण झालं. कशावरून, ते आता दोघांनाही सांगता येत नाही. आपण बरोबर होतो एवढं मात्र दोघांना पक्कं आठवतं. त्या संध्याकाळी बाबांनी गाडी आत आणली, काकांच्या दारासमोर आडवी घातली, स्टिअरिंग उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून पुढचं टायर त्यांच्या उंबऱ्याला टेकवलं आणि किल्ली काढून घेतली. किल्ली निघाली की या गाडीचं स्टिअरिंग आहे तिथे अडकतं. दारात जेमतेम वीतभर फट उरली. मांजर गेली असती आत. काका मांजर नव्हते. त्यांनी दोन गल्ल्या पलीकडे भाड्यानं जागा घेतली आणि रोज समोरच्या फुटपाथवर येऊन शटरकडे बघत उभं राहायचा नेम ठेवला.

आता त्यांनी खोली दिली आहे. "वहिनींसाठी," म्हणाले. "दुसऱ्या कुणासाठी नाही."

दुसरं कुणी शेजारीच उभं होतं.

बोलणी (सगळी माझ्यामार्फत)

बाबा: त्याला म्हणावं, चोरलेली किल्ली काढ.

काका: त्याला सांग, किल्ली माझ्याकडे असती तर ही पेटी मी कधीच भंगारात घातली असती.

बाबा: पेटी कुणाला म्हणतोय विचार.

काका: गाडीला म्हणतोय सांग. सध्या.

मिस्त्री: ताई, हे दोघं भाऊ?

मी: हो.

मिस्त्री: सख्खे?

मी: फारच.

मिस्त्री: बरं. मग मी स्टिअरिंगचा दांडा सरळ कापतो. करवतीचं काम आहे, चहा गार व्हायच्या आत होईल.

बाबा: गाडी कापायची असेल तर आधी मला कापा.

मिस्त्री: चालेल. करवत तीच लागते.

किल्लीचं

मला माहीत होतं. दवाखान्यात, सलाईन चालू असताना, छताकडे बघत आईनं सांगितलं होतं.

"किल्ली त्यांनी त्याच संध्याकाळी वरच्या खिडकीतून गटारात टाकली. माझ्यासमोर. म्हणाले, आता तू रडलीस तरी गाडी हलायची नाही."

"तू रडलीस?"

"छे. मला म्हणायचं होतं की खोली रिकामीच पडलीय तर धुणं तिथे वाळत घालते. ते राहूनच गेलं."

म्हणजे बाबा आज मिस्त्रींसमोर, काकांच्या तोंडावर, दिवसाढवळ्या खोटं बोलत होते आणि त्यांच्या कपाळावर एक आठी नव्हती. आधी गाडी बाहेर. बाकीचं मग.

किल्लीशिवाय स्टिअरिंग सोडवायचं असेल तर

ढकलून बघू नका. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना गाडी पुढे ढकलली तर ती गोल फिरून खांबाला धडकते, मागे ओढली तर भिंतीला. आम्ही दोन्ही केलं. खांबाचे टवके उडाले आणि बाबा "हळू, हळू, रंग जाईल" म्हणाले. गाडीवर रंग असा उरलेलाच नव्हता. फोडासारखे पापुद्रे होते, हात लावला की हाताला चिकटणारे.

पुढचा भाग जॅकवर उचला, म्हणजे टायर जमिनीला घासत नाही आणि त्याचा दाब स्टिअरिंगवर येत नाही.

ड्रायव्हरची सीट काढा. खाली जागा लागते.

(सीट काढली. सीटखाली घरटं. फोमचं, वर्तमानपत्राचं आणि कुणाच्या तरी लोकरीच्या मफलरचं. आत पिल्लं, वाळून मनुकांएवढी झालेली, एकमेकांना चिकटलेली. मी फावड्यानं ओढली तर सगळी एकदम आली, एका तुकड्यात. काका बाहेर जाऊन थुंकून आले. बाबांनी त्याच वेळी डॅशबोर्डच्या खणातून स्वतःचा जुना कंगवा शोधून काढला. दातांमध्ये काळं मेण आणि केस. त्यांनी त्यावर एक फुंकर मारली आणि भांग पाडला.)

स्टिअरिंगच्या दांड्यावर, डॅशबोर्डच्या खाली, कुलूप असतं. कुलपात करंगळीएवढा एक लोखंडी खिळा. किल्ली काढली की खिळा दांड्याच्या खाचेत शिरून बसतो. कुलूप दांड्याला दोन बोल्टांनी आवळलेलं असतं, आणि त्या बोल्टांची डोकी कारखान्यातच मुद्दाम तोडून टाकतात. पाना लावायला काही शिल्लकच ठेवत नाहीत.

"चोरांसाठी," मिस्त्री म्हणाले.

घरच्यांसाठी काय व्यवस्था आहे, ते मी विचारलं नाही.

तर ते बिनडोक्याचे बोल्ट उलटे फिरवायचे. त्यासाठी पाठीवर झोपून, डोकं पेडलांपाशी आणि पाय दाराबाहेर

आत

ठेवून मी झोपले, कारण मिस्त्रींचं पोट.

"माझं पोट तिथे जात नाही, ताई. गेलं तर परत येत नाही. मी सांगतो, तुम्ही करा."

पाठीखाली पोतं. पोत्याखाली जे काही होतं ते पोत्यातून वर आलं, ओलसर आणि गार, खांद्याच्या मधोमध. टॉर्च दातांत धरला होता, म्हणून तोंड उघडं, आणि तोंड उघडं म्हणजे वरून पडेल ते आत. गंज पडला. माती पडली. एक लेंडी पडली, ती मी जिभेनं बाहेर ढकलली आणि त्यानंतर माझ्या मनात या गाडीबद्दल उरलासुरला जिव्हाळा राहिला नाही.

हिच्यात बसून आम्ही लहानपणी फिरायला जायचो. बाबा शर्टाची बाही दुमडून कोपर खिडकीत टेकवायचे आणि रस्त्यावरच्या लोकांकडे, ते आपल्यासाठीच उभे आहेत असं बघायचे. आई मागे, मांडीवर डबे. मला तेव्हा ते थोर वाटायचं.

"छिन्नी बोल्टाच्या कडेला तिरकी लावा," मिस्त्री बाहेरून म्हणाले. "मध्ये नाही. कडेला. आणि उलटं हाणा, घड्याळाच्या उलट. जोरात नाही. चिडवल्यासारखं."

मी चिडवलं. पुष्कळ वेळ काही नाही. मग छिन्नीची धार बोल्टात रुतली आणि बोल्ट किंचित, अगदी दात हलावा तसा, हलला. नंतर बोटानं फिरवून काढला.

दुसरा हलेना. त्याला ड्रिल लावावं लागलं. मिस्त्रींनी आपला चष्मा काढून मला घातला. त्यांचा नंबर मोठा. मला तीन बोल्ट दिसायला लागले, मी मधल्याला भोक पाडलं. लोखंडाचा कीस गरम होऊन गळ्यावर पडत होता. भोकात उलट्या आट्यांचा खिळा ठोकला, पकडीनं धरला, फिरवला. हाही आला.

बाहेर बाबा काकांना ऐकू जाईल अशा आवाजात मिस्त्रींना सांगत होते, "ही गाडी हिच्या आईच्या पायगुणानं आली." आई त्या वेळी रुग्णवाहिकेची वाट बघत, खुब्याला टाके घेऊन दवाखान्याच्या खाटेवर पडलेली असणार.

दोन्ही बोल्ट निघाले होते. आता कुलूप हातात यायला हवं होतं.

येईना

"खिळा खाचेत दाबला जातोय," मिस्त्री म्हणाले. "एका बाजूनं ताण आहे. कुणीतरी स्टिअरिंग केसभर उजवीकडे धरून ठेवा. ताण गेला की आपोआप सुटेल."

"मी धरतो," काका म्हणाले.

"माझ्या गाडीच्या स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणावं," बाबा म्हणाले आणि आत आले. सीट नव्हती, म्हणून उलट्या खोक्यावर बसले. त्यांचे गुडघे माझ्या कानाशी, मोजे माझ्या नाकाशी. मोज्यांना एक भोक होतं आणि भोकातून पिवळं नख बाहेर आलं होतं, गंजलेल्या पत्र्यासारखं.

"उजवीकडे, बाबा."

"ओढतोय."

मी कुलूप खाली खेचलं. नाही.

"अजून थोडं."

"ओढतोय ना."

नाही. बोटाचं कातडं कुलपाच्या कडेला सोललं. मिस्त्रींनी बाहेर जाऊन पुढचं टायर तपासलं. हवेतच होतं, कशालाच टेकलेलं नव्हतं. ते परत आले, दारातून वाकले, डोकं खाजवलं.

"कमाल आहे. टायर मोकळं. मग ताण येतोय कुठून?"

मी दांड्यावर बोट ठेवलं. "बाबा, सोडा." दांडा किंचित सैल झाला, पण कुलूप सुटण्याइतका नाही. "ओढा." दांडा आवळला गेला. डावीकडे.

टॉर्च वर केला. स्टिअरिंगच्या आऱ्यांमधून त्यांचे हात दिसत होते. म्हातारे हात, डाग पडलेले, नुकताच त्या कंगव्यानं भांग पाडलेले. अंगठे पांढरे पडले होते, मनगटावरच्या शिरा उभ्या होत्या. ते जीव खाऊन ओढत होते. उलटे.

चेहरा शांत होता. ओठांवर थोडं ते जुनं हसू, खिडकीत कोपर ठेवतानाचं.

रुग्णवाहिका निघाली असेल. बायको जिन्यावरून पडून आडवी येतेय आणि हा माणूस अंधाऱ्या गाडीत खोक्यावर बसून, स्वतःच्या मुलीचं बोट सोलत, भावाचं दार बंद ठेवतोय. ओरडावंसं वाटलं. पण ओरडले असते तर ते रुसून उतरले असते, शटरला कुलूप लावून वर जाऊन बसले असते, आणि मग दिवस गेला असता.

मी टॉर्च बाजूला ठेवला.

"बाबा, माझंच चुकलं. मी खाली उलटी झोपलेय ना. डावीकडे हवंय. जोरात डावीकडे ओढा."

मग खोकं करकरलं, त्यांनी बूड सावरलं, आणि सगळ्या ताकदीनिशी

कुलूप माझ्या छातीवर पडलं.

वर

स्टिअरिंग मोकळं फिरलं आणि बाबांचे हात त्याच्याबरोबर गेले. त्यांना एक सेकंद कळलं नाही. मग कळलं. मिस्त्रींना त्यांच्याआधी कळलं होतं. ते सरळ उभे राहिले आणि फार काळजीपूर्वक आपली पक्कड पुसायला लागले.

मी सरपटत बाहेर आले. केसांत लेंड्या, गळ्यावर कीस, हातात ते कुलूप. बाबा गाडीतूनच म्हणाले, "बघ, मी ओढलं म्हणून निघालं."

"तुम्ही उजवीकडे ओढलंत."

"तू डावीकडे म्हणालीस."

"हो ना."

ते खाली उतरले. पँट झटकली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दार उघडलं की तो परत येणार. तुला नाही कळायचं."

"आईचं काय?"

"तिला दोघांनी उचलून वर नेली असती. वजन कितीसं आहे तिचं."

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. काकांकडे वळून मी म्हटलं, "काका, किल्ली तुम्ही घेतली नव्हती. यांनी वरून गटारात फेकली होती. आईनं सांगितलं."

वाटलं होतं काका उसळतील. इतकी वर्षं चोर म्हणवून घेतलं होतं त्यांनी. काकांनी नुसता खिशातून रुमाल काढून मान पुसली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "मी खालीच उभा होतो. पायाशी पडली. गटार कोरडं होतं तेव्हा."

"मग?"

"मग काय?"

"उचलली का नाही?"

"मी का उचलू?" काका म्हणाले. "टाकली त्यानं. उचलायची त्यानं."

आणि बाबांनी मान हलवली. भांडणानंतर पहिल्यांदा त्यांनी भावाकडे सरळ पाहिलं, आणि मला न घालता, थेट त्याला म्हणाले, "ते बरोबर आहे तुझं."

दोघं एकमेकांशेजारी उभे होते. नाकं सारखी, कान सारखे, पोटं पुढे काढून उभं राहायची ढब सारखी. मला कुणाच्याही जवळ जाववेना. मिस्त्रींनी त्यांचा चष्मा माझ्या डोळ्यांवरून अलगद काढून घेतला, शर्टाला पुसला आणि म्हणाले, "ताई, गाडी ढकलू या का? मला नंतर दुसरीकडेही जायचंय."

ढकलली. मी स्टिअरिंगला, ते तिघं मागे. जॅकवरून उतरवलेलं टायर चिखलातून पाय उपसल्यासारखा आवाज करत हललं आणि उंबऱ्यावर, ते इतकी वर्षं टेकलं होतं तिथे, रबराचा काळा गोळा चिकटून राहिलेला दिसला. गाडी रस्त्यावर, उतारापाशी, एका बाजूला कलून उभी राहिली. शेजारची मुलं जमली आणि वास आला तशी पांगली.

खोली

कोळ्यांची जाळी, भिंतीला ओल, काकांची लोखंडी खाट, कोपऱ्यात एक ट्रंक. हवा बरणीतल्यासारखी. मी खिडकी ठोकून उघडली, फिनेलच्या बादल्या ओतल्या, खराट्यानं घासलं, परत ओतल्या. पाणी काळं, मग राखाडी, मग तसंच राखाडी राहिलं. खाटेवर वरची गादी आणून टाकली. स्वतःचे हात साबणानं धुतले, वास घेतला, परत धुतले. वास हातांचा नव्हता बहुतेक.

भाऊ आईला घेऊन आला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागत होते. स्ट्रेचर गाडीला वळसा घालून आत आलं. आईनं मान वळवून गाडीकडे पाहिलं.

"केवढीशी आहे," ती म्हणाली.

तिला खाटेवर घेतली. पायाखाली उशी. तिनं छत पाहिलं, खिडकी पाहिली, हात लांबवून भिंतीला लावून पाहिला. भाऊ औषधं आणायला गेला.

मग दारात बाबा. काखेत उशी, हातात पाण्याचा तांब्या.

"मीही आता खालीच येतो. मलाही जिना झेपत नाही हल्ली."

त्यांच्या मागून काका. "वहिनी, तुम्ही निवांत राहा. मी फक्त बसतो थोडा वेळ. माझी ट्रंकही आहे तिथे."

"माझ्यासाठी दुसरी खाट या भिंतीला लावा," बाबा म्हणाले.

"त्या भिंतीला ट्रंक आहे," काका म्हणाले.

"ट्रंक हलते."

"खाटही हलते."

आता ते थेट बोलत होते. किती छान जमत होतं.

आई दोघांकडे बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. भाजी निवडताना अळी निघावी आणि ती चिमटीत धरून कुठे टाकावी याचा विचार करावा, तसं काहीतरी होतं.

"तुम्ही वर झोपा," ती बाबांना म्हणाली. मग काकांना, "भावजी, ट्रंक उद्या न्या."

"अगं, पण वर मी एकटा—"

"वहिनी, खोली तशी माझी—"

आई माझ्याकडे वळली.

"दाराला आतून कडी आहे का गं?"

मी पाहिलं. होती. गंजून लाकडाला धरलेली.

"आहे. पण इतकी वर्षं लावलेली नाही."

"बघ जरा, लागते का."

बाबा अजून उंबऱ्यावर होते, त्या रबराच्या गोळ्यावर एक पाय, काखेत उशी. मी दार लोटलं. त्यांना मागे सरावं लागलं. कडी दोन्ही हातांनी धरून पुढे रेटली. आधी नुसता भुगा पडला, मग ती चुरचुरत सरकली आणि भोकात गेली.

बाहेर कुणीतरी दारावर बोटानं वाजवलं. एकदा, हळूच.

"लागली?" आईनं विचारलं.

"लागली."

"मग दिवा घालव. डोळ्यांवर येतोय."